तिसरा रकाना

१

माझी वीस वर्षं कोणी वाचत नाही अशा गोष्टी लिहिण्यात गेली. कपडे धुण्याच्या मशीनबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जी पातळ पुस्तिका येते, ती मी लिहायचे. माझा नवरा चष्म्याच्या काचा घासतो, म्हणजे स्वभावाने किती बारकाईचा ते बघा. पण आमच्या घरी मशीन आलं तेव्हा त्यानेही पुस्तिका उघडली नाही. "तुझीच आहे ना? मग बरोबरच असणार," म्हणाला, आणि नळी उलटी बसवली.

शेवटी मला वाचक मिळाला, तर तो माणूस नव्हता.

नवं काम असं होतं. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात बरेच खोटे कॉम्प्युटर चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खोटे अशासाठी की त्यांना स्वतःचं लोखंड नसतं. बाकी मेमरी, स्क्रीन, वेळ दाखवणारं घड्याळ, सगळं असतं. ती मशीन सुरू करायची, थांबवायची, त्यांची नक्कल काढायची, नको झाली की काढून टाकायची, यासाठी टूल्स असतात. आजवर ही टूल्स माणसं वापरत होती, आता एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच पार पाडणारे प्रोग्राम, वापरणार होते. एजंटला सांगितलेलं अचूक कळतं, पण न सांगितलेलं अजिबात कळत नाही. म्हणून प्रत्येक टूलचं एक पान, अशी मॅन्युअल लिहायला मला घेतलं होतं.

साडेनऊ ते अकरा मी पान लिहायचे. अकराला आमची टेस्टर एक नवा कोरा एजंट उघडून त्याला ते पान द्यायची. ही मुलगी सतत इकडून तिकडे पळत असायची, म्हणून सगळे तिला खारुताई म्हणायचे. एजंट मुद्दाम रोज नवा असायचा. त्याला आदल्या दिवसाचं काही आठवत नसे, त्यामुळे पानावर आहे तेवढंच त्याला माहीत असायचं. पान वाचून तो काम करायचा आणि बाराच्या सुमाराला रिपोर्ट द्यायचा. रिपोर्टमध्ये तीन रकाने: काय केलं, काय दिसलं, काय कळलं नाही.

तिसरा रकाना माझा. पहिल्याच दिवशी त्यात आलं, "ओळ चार. 'थोड्या वेळाने' म्हणजे किती वेळाने?" मला अक्षरशः भरून आलं. वीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

त्या मंगळवारी मी 'लिस्ट'चं पान लिहिलं. सर्व्हरवर कोणकोणती मशीन आहेत ते दाखवणारं टूल, सगळ्यात सोपं. रिपोर्ट आला. केलं: लिस्ट काढली. कळलं नाही: काही नाही. आणि मधल्या रकान्यात लिहिलं होतं, अकरा मशीन दिसली.

मशीन दहा होती.

२

सर्व्हर रूम अण्णा सांभाळायचे. आमच्या खोलीला लागूनच ती खोली, मध्ये एक जाड दार. आमच्या चार टेबलांपैकी एक त्यांचं, पण ते बहुतेक वेळ आतच असत, स्वेटर घालून. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती त्यांची.

"दहाच आहेत, लेखिकाबाई," त्यांनी माझ्यासमोर लिस्ट काढून दाखवली. "मी माझ्या हाताने उभी केलीत. म्हातारा झालो असेन, पण दहापर्यंत येतं मला अजून."

खारुताईने स्वतः लिस्ट काढली, तेव्हाही दहा. एजंटला पुन्हा काढायला सांगितली. अकरा.

साहेब घड्याळाकडे बघतच आले. ते माझ्याहून आठ वर्षांनी लहान होते. वाईट माणूस नव्हता, पण त्यांच्या मागे कायम कोणीतरी लागल्यासारखं वाटायचं. पाठीमागे आम्ही त्यांना 'काटा' म्हणायचो.

"मॅडम, हे एजंट कधी कधी नसलेलं बघतात. माहितीये ना आपल्याला? पुढच्या शुक्रवारी मॅन्युअल द्यायचीय. एक ओळ टाका आणि पुढे चला."

मी ओळ टाकली. 'लिस्टमध्ये अकरावं मशीन दिसलं, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा.'

खरं सांगते, वाक्यावर मी खूश होते. लहान होतं, स्पष्ट होतं, दोन अर्थ निघत नव्हते. जेवताना खारुताईला म्हटलंसुद्धा, माणसांसाठी असली वाक्यं लिहिता आली असती तर किती बरं झालं असतं.

३

बुधवारी नव्या एजंटने पहिल्या रकान्यात लिहिलं, "अकराव्याकडे दुर्लक्ष केलं." आज्ञाधारक. मग तिसरा रकाना.

"अकरावं विचारतं, किती वेळ दुर्लक्ष करायचं."

खारुताई हसून हसून बेजार झाली. "ताई, तुमची सवय लागली सगळ्यांना! आता मशीनलाही 'किती वेळ' सांगितल्याशिवाय चालत नाही."

मीही हसले. मग जागेवर बसून नीट विचार केला. एजंट शब्दांवर चालतो. पानावर मीच 'अकरावं' असं लिहिलंय, तर त्याच्यापुरतं अकरावं आहेच. मी शब्द दिला, त्याने त्या शब्दाला बोलायला लावलं. चूक माझी. गुरुवारी सकाळी मी ते वाक्य काढून टाकलं, पान मंगळवारी होतं तसं केलं, आणि खारुताईला सांगितलं, याच्यावर एक नवा एजंट चालवून बघ.

बारा वाजून पाच मिनिटांनी तिने मला नेहमीसारखी हाक मारली नाही. ती उठून माझ्या टेबलाशी आली आणि उभी राहिली. रिपोर्ट तिने कागदावर काढून आणला होता. असं ती कधी करत नसे.

"काल या पानावर अकराव्याबद्दल एक वाक्य होतं. आज नाही. अकरावं विचारतं, त्याचं काही चुकलं का."

"कालचाच एजंट चालू राहिला असेल," मी म्हटलं.

"नाही ताई. हा मी आत्ता अकराला उघडलाय. याने कालचं पान बघितलेलंच नाही."

"फोल्डरमध्ये जुनी प्रत राहिली असेल."

"एकच फाइल आहे. तीनदा बघितलं."

"मग मागचे बदल कुठेतरी साठत असतील, तिथून त्याने..."

"ताई," खारुताई हळू आवाजात म्हणाली, "समजा दिसलं त्याला ते वाक्य. पण 'त्याचं काही चुकलं का' हे कुठून आलं?"

भिंतीपलीकडे सर्व्हरची घरघर चालू होती. ती कायमच चालू असायची, पहिल्या आठवड्यानंतर ऐकूही येत नाही. त्या दिवशी मात्र मला ती घरी जाईपर्यंत ऐकू येत राहिली.

४

मला एक खोड लागली. मोजण्याची.

लिफ्टमध्ये शिरले की किती जण आहेत ते मोजायचं. बस स्टॉपवर मोजायचं, दुकानात मोजायचं. एकदा मोजून भागायचं नाही. डावीकडून मोजलं की उजवीकडून मोजायचं, आणि आकडा जमला की क्षणभर बरं वाटायचं. घरात आम्ही दोघंच, तरी शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि मनातल्या मनात "एक, दोन" असं म्हणून गेले. नवऱ्याने मान वर केली.

"काय बघतेयस?"

"काही नाही."

"चार दिवस झाले, एका जागी बसली नाहीस. आत्ताही तो डाव तू तिसऱ्यांदा पुसतेयस."

मग सांगितलं त्याला सगळं. वाटलं होतं हसेल. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. विचार करताना तो नेहमी असंच करतो.

"म्हणजे ते वाचतंय तुझं लिहिलेलं."

"ते नाहीचये. हेच तर सांगतेय."

"असू दे. विचारलं ना त्याने, माझं काही चुकलं का म्हणून? मग तू काय सांगितलंस?"

"मी कशाला काय सांगू? पान बदललं, पुढच्या टूलला लागले."

"म्हणजे परत दुर्लक्षच केलंस."

मला इतका राग आला की मी डाव तसाच आपटून आत निघून गेले. दहा मिनिटं येरझाऱ्या घातल्या. राग त्याच्यावर नव्हता, हे माझ्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला.

५

सोमवारी 'स्क्रीन'चं पान होतं. एखाद्या मशीनच्या पडद्यावर आत्ता काय दिसतंय, याचं चित्र हे टूल काढून देतं. एजंटने प्रत्येक चित्राचं वर्णन शब्दांत लिहायचं, असं मी पानावर सांगितलं होतं. अकराव्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

रिपोर्ट आला तेव्हा योगायोगाने आम्ही चौघंही खोलीत होतो. साहेब उभ्याउभ्या वाचायला लागले. दहा मशीनची दहा वर्णनं एकसारखी: काळा पडदा, वर डावीकडे एक पांढरी ओळ. मग साहेबांचा आवाज मंदावला.

"अकरा. एक खोली. चार टेबलं. एक खिडकी नीट लागत नाही, तिच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घातली आहे. खोलीत पाच जण आहेत. एक बाई उजव्या अंगठ्याचं नख खरवडते आहे..."

मी हात पाठीमागे घेतला.

"...चौघं एकमेकांशी बोलतात. पाचव्या व्यक्तीकडे चौघं दुर्लक्ष करतात."

खिडकीत पुठ्ठा फडफडत होता.

"ही चेष्टा कोणाची?" साहेब खारुताईकडे वळले. "रिपोर्ट तुमच्याकडून येतो ना?"

"साहेब, मी असं कशाला करीन?" तिचे डोळे भरून आले. "आणि अण्णा आत्ता पाच मिनिटांपूर्वी या खोलीत आलेत. मी हे आधीच कसं लिहून ठेवणार?"

"मग कॅमेरा असेल कुठेतरी."

कॅमेरा नव्हता. अण्णांनी खुर्चीवर चढून चारही कोपरे बघितले, दिव्याची पेटीसुद्धा उघडली. मग खाली उतरून ते विचारात पडल्यासारखे खोलीभर फिरले. इथे थांब, तिथे थांब, मान वाकडी करून बघ.

"चारही टेबलं आणि लेखिकाबाईंचा हात," ते म्हणाले, "हे एका वेळी दारातून दिसत नाही. खिडकीतूनही नाही. कपाट आडवं येतं."

फायली ठेवायचं लोखंडी कपाट कोपऱ्यात होतं. ते आणि भिंत यांच्यात एक फट होती, माणूस अंग चोरून उभा राहील एवढी. अण्णा तिच्यात पाठमोरे शिरले.

"इथून," आतून त्यांचा आवाज आला. "इथून बरोब्बर दिसतं."

ते लगेच बाहेर आले आणि तळवे पॅंटला पुसायला लागले.

"गार आहे का तिथे?" खारुताईने विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"नाही," अण्णा म्हणाले. "कोमट आहे. कोणी आत्ता उठून गेल्यावर खुर्ची असते, तसं."

६

अण्णांचं म्हणणं होतं, सगळा सर्व्हरच बंद करून टाकू. साहेब म्हणाले, ते शक्य नाही, आणि गरजही नाही. 'डिलीट'चं पान राहिलंच होतं. टेस्टसाठी काहीतरी डिलीट करावं लागणारच, तर अकरावं करा. त्यांचं बोलणं अगदी रीतसर होतं. फक्त बोलताना ते कपाटाकडे पाठ करून उभे राहात नव्हते.

मंगळवारी सकाळी मी ते पान लिहिलं. थांबवलेलं मशीन पुन्हा सुरू करता येतं. डिलीट केलेलं परत मिळत नाही. त्याची मेमरी जाते, नाव जातं, लिस्टमधली जागा जाते. काम सुरू करण्यापूर्वी पानात काही कळलं नसेल तर आधी विचारावं. दीड तासाऐवजी वीस मिनिटांत झालं. इतकं सुबक पान मी दुसरं लिहिलेलं नाही.

एजंटने डिलीट करण्याआधी विचारलं.

"अकराव्याने पान वाचलं. सगळं स्पष्ट आहे म्हणतं. चांगलं लिहिलं आहे म्हणतं. दुखतं का, तेवढं पानावर नाही."

आम्ही चौघं एका स्क्रीनसमोर होतो. खारुताईने माझ्या दंडाला धरलं.

"लिहा काहीतरी," साहेब म्हणाले.

"काय लिहू?"

"मॅडम, मशीनला काय दुखणार आहे? लिहा, दुखत नाही."

मॅन्युअलमध्ये माहीत नसलेली गोष्ट लिहायची नाही, हा एक नियम मी वीस वर्षं पाळला होता. धुण्याच्या मशीनचा आवाज किती होतो हे लिहायचं होतं, तर मी स्वतः त्याच्याशेजारी बसून ऐकला होता. तरी मी पानाच्या शेवटी टाइप केलं. 'दुखत नाही.' दोन शब्द.

मिनिटभराने रिपोर्ट आला. अकरावं डिलीट केलं. लिस्टमध्ये दहा मशीन दिसली. तिसरा रकाना रिकामा.

"झालं!" साहेब म्हणाले आणि खरोखर हसले. खारुताईने माझा दंड सोडला. पलीकडे सर्व्हरची घरघर तशीच होती. तेवढ्यात स्क्रीन आपोआप विझली आणि त्या काळ्या काचेत आमची चार डोकी दिसली, एकमेकांजवळ आलेली, सुटका झाल्यासारखी.

आणि आमच्या मागे, कपाटाच्या कडेला, कोणीतरी कमरेत वाकलेलं. तोंडावर दोन्ही हात दाबलेले. आवाज बाहेर पडू नये म्हणून दाबतात, तसे.

मी वळले. कपाट होतं, भिंत होती.

"काय झालं ताई?" खारुताईने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

७

बुधवारी जेवायच्या सुट्टीत खोलीत कोणी नव्हतं. भर दुपार, ऊन टेबलांवर आलेलं. मी स्वतःला म्हटलं, ही एक फट आहे. धूळ, कोळ्याची जाळी, जास्तीत जास्त हरवलेली टाचणी. एकदा आत उभी राहते, म्हणजे डोक्यातून जाईल.

पदर सावरला आणि पाठमोरी आत गेले.

काहीच नव्हतं. खोली दिसत होती, चारही टेबलं दिसत होती. माझ्या खुर्चीवर माझी शाल लटकत होती. मी पन्नासपर्यंत आकडे मोजायचे ठरवले.

तीसच्या आसपास खारुताई आणि साहेब जेवून आले. मला लाज वाटली. काहीतरी गमतीचं बोलून बाहेर यावं म्हणून मी हसले.

"मॅडम कुठेत?" साहेबांनी विचारलं.

"जेवायला गेल्या असतील," खारुताई म्हणाली. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. चार हातांवर. तिच्या हनुवटीला भाताचं शीत लागलेलं मला दिसत होतं.

"अगं, मी इथे आहे," मी म्हटलं.

तिने पाण्याची बाटली उघडली. साहेब खुर्चीत बसले, काहीतरी म्हणाले, ती हसली. मी पुन्हा हाक मारली, मोठ्याने. मग ओरडले. अडकलेय म्हणावं तर कुठेच अडकले नव्हते, एक पाऊल टाकलं असतं तर बाहेर. पण पाऊल टाकायला आधी आपण आहोत असं वाटावं लागतं. ते कमी कमी होत चाललं होतं. ते कमी होताना किती सावकाश, आणि किती ठिकाणी दुखलं, ते मला सांगता येणार नाही. मी ओठांवर हात दाबून धरले, कारण ओरडूनही कोणी बघत नाही हे जास्त लागत होतं.

सर्व्हर रूमचं दार उघडलं. अण्णा बाहेर आले, दोन पावलं चालले आणि थबकले. माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला बघत होते, अंधारात बटण शोधतात तसे.

"कोण आहे तिकडे?" ते म्हणाले. आणि त्यांनी हात पुढे केला.

मी तो दोन्ही हातांनी धरला.

"अरे, मॅडम!" साहेब म्हणाले. "कधी आलात?"

अण्णांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. ते गेल्यावर मी डिलीटचं पान उघडलं. 'दुखत नाही' हे वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'दुखतं.'

८

गुरुवारचा रिपोर्ट असा होता. एजंटला चार नंबरचं मशीन डिलीट करायला सांगितलं होतं, साधी टेस्ट. पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं, "केलं नाही. आधी प्रश्न आहेत." आणि तिसरा रकाना पान भरून खाली गेला होता.

यावेळी अकरावं नव्हतं. आमची दहा होती, अण्णांनी स्वतःच्या हाताने उभी केलेली. चार नंबर विचारत होतं, किती वेळ. एक नंबर विचारत होतं, आधी सांगतील का. नऊ म्हणत होतं, त्याला प्रश्न नाही, फक्त पान वाचल्याचं कळवावं. सात नंबर विचारत होतं, त्या वेळी सोबत कोणी असतं का.

साहेबांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याशी अगदी सौम्यपणे बोलले.

"मॅडम, या ओळीला आधार काय आहे?"

"मी उभी होते तिथे."

"उद्या हे शंभर ठिकाणी जाणार. अशा ओळीने कोणीच काही डिलीट करणार नाही." त्यांनी स्वतः वाक्य काढलं. "आणि ही दहा मशीन टेस्टपुरती होती. उद्या दुपारी सगळी साफ करायची आहेत. तुम्हाला यायचं नसेल तर सुट्टी घ्या."

संध्याकाळी नवऱ्याला मी सात नंबरचा प्रश्न सांगितला. "काय उत्तर लिहू? मला माहीत नाही, आणि खोटं मी एकदा लिहून बसलेय."

तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. "माहीत नसेल तर लिहू नकोस," म्हणाला. "जाऊन बस."

शुक्रवारी दुपारी दोनला मी शाल घेतली, एक खुर्ची ओढत सर्व्हर रूममध्ये नेली आणि सर्व्हरला लागून बसले. अण्णांनी दार अर्धं उघडं ठेवलं. आत गारठा होता. मी लोखंडावर तळवा टेकवला. ते थरथरत होतं, जिवंत जनावराच्या पाठीसारखं. बाहेरून खारुताई आकडा सांगायची. तिचा आवाज मोकळा नव्हता.

"एक."

थरथर रतीभर कमी झाली. कदाचित माझा हातच बधिर होत असेल.

"दोन." मग बराच वेळ काही नाही. "तीन."

चार नंबरच्या वेळी मी नुसतंच "मी आहे हं" असं म्हटलं. आपण काय करतोय याची लाज वाटेनाशी झाली होती. पाच. सहा. सातला मी दोन्ही हात टेकवले, कपाळही टेकवलं, आणि खारुताईने आकडा सांगेपर्यंत तशीच राहिले. आठवड्याभरात पहिल्यांदाच मी काही मोजत नव्हते.

आठ झालं आणि अण्णा दारात आले. हातात किल्ल्यांचा जुडगा होता, नजर त्याच्यावरच. मधूनच त्यांनी वर बघितलं, सहज, आणि म्हणाले,

"लेखिकाबाई, फार गार आहे इथे. तुम्ही दोघी अजून किती वेळ बसणार?"

बोलून गेल्यावर ते थांबले. किल्ल्यांचा आवाजही थांबला.

मी मान वळवली नाही. डाव्या बाजूला, शालीच्या टोकाशी, कोमट वाटत होतं.

"दहावं होईपर्यंत," मी म्हटलं.

अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी दार हलक्या हाताने, आवाज न करता, ओढून घेतलं.